तुरुंगातील आप्त आणि आपले कर्तव्य



आपल्या वस्त्यांत एक प्रश्न कधी मोठ्याने विचारला जात नाही. विहारातील वंदना संपते, माणसे पांगू लागतात, तेव्हा एखादी माउली कोपऱ्यात गाठते आणि हलक्या आवाजात विचारते, "गुरुजी, पोराला आत टाकलंय. भेटायला जावं का? लोक काय म्हणतील?"

हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. 'लोक काय म्हणतील' हा लोकलज्जेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर लोक देतीलच. 'जावे का' हा नीतीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र ज्याचे त्याने शोधायचे असते. या लेखात मी दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिणार आहे.

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबाला हा प्रश्न जास्त बोचतो. पंचशील घेतलेल्या घरातला मुलगा चोरीच्या, मारामारीच्या किंवा त्याहून भयंकर आरोपाखाली पकडला गेला, की घरातल्यांना वाटते, आता कोणत्या तोंडाने शील ग्रहण करावे? त्याच्याशी संबंध ठेवला तर आपल्या शीलाला बट्टा लागेल. हा विचार प्रामाणिक आहे, म्हणून त्याची थट्टा करता येणार नाही. तो तपासून पाहिला पाहिजे.

वस्तीत या प्रश्नाची दोन तयार उत्तरे असतात. एक उत्तर बापाचे असते: "तो मला मेला. घरात त्याचे नाव काढू नका." दुसरे उत्तर भाऊबंदांचे असते: "आपला पोरगा तसला नाहीच. फिर्याद देणाऱ्याला बघून घेऊ." पहिले उत्तर कडक दिसते, म्हणून ते नीतीचे वाटते. दुसरे मायेचे दिसते, म्हणून माणुसकीचे वाटते. माझ्या मते दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. माणूसच टाकून दिला की त्याच्या हातून काय घडले आणि का घडले, याचा विचार करावा लागत नाही. अपराधच नाकारला की त्या माणसाला चार खरे शब्द सुनवावे लागत नाहीत. दोन्हीकडे सत्याला सुट्टी मिळते.

प्रथम लाजेचा विचार करू. तुरुंग ही वास्तू आपल्या समाजाला नवीन नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. पुढे काही वर्षे चाललेल्या त्या लढ्यात आपल्या जिल्ह्यातील कित्येकांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगवास भोगला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा लाखावर माणसे तुरुंगात गेली. त्या कैद्यांच्या घरी कोणी मान खाली घातली नाही. उलट, आमच्या घरातले इतके जण आत गेले होते, हे आजही अभिमानाने सांगितले जाते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आईवर लिहिलेले हे पुस्तक भिंतीआड जन्माला आले, म्हणून महाराष्ट्रात कोणी ते हातात घ्यायचे टाळले नाही.

यावरून एक गोष्ट ठरते. लाज तुरुंगाच्या भिंतींत नसते. ती असलीच तर कृत्यात असते. आणि कृत्य कोणते घडले, ते कोणी केले, हे ठरवायला वेळ लागतो. वस्ती मात्र वेळ घेत नाही. पोलिसांची गाडी गल्लीत आली त्याच संध्याकाळी ती निकाल देऊन मोकळी होते.

तेव्हा तुरुंगात असतात तरी कोण, हे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होते. आपल्या भाषेत कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. त्यांच्यातले काही दोषी ठरतील, काही सुटतील. पण आज त्यांना 'गुन्हेगार' म्हणण्याचा अधिकार ना आपल्याला आहे, ना शेजाऱ्याला. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगणे, हाही चौथ्या शीलाचा भंगच आहे. आपण ते शील फक्त स्वतःच्या खोटेपणापुरते घेतले, असे समजू नका.

कच्चे कैदी इतके का? कारणे पुष्कळ आहेत, पण त्यातले एक आपल्या परिचयाचे आहे: गरिबी. मोतीराम नावाचा एक गवंडी होता. मध्य प्रदेशातील खटल्यात त्याला जामीन मंजूर झाला, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भावाला उभे केले, तर तो परजिल्ह्यातला आहे आणि त्याची मालमत्ताही परजिल्ह्यात आहे, म्हणून त्याला नाकारले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही रीत चुकीची ठरवली. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतील अशा कैद्यांची हकीकत देशापुढे आली की, त्यांच्यावरील आरोपाला जेवढी शिक्षा होती तिच्याहून जास्त काळ ते नुसते खटल्याची वाट पाहत आत पडून होते. आज कायदा सुधारला आहे, पण जामीन मिळूनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेला माणूस आजही सापडतो. जो पैशाअभावी आत आहे, त्याला आपण नीतीच्या नावाखाली टाकून द्यायचे, हे कसले शील?

येथवर बहुतेक वाचक मान्य करतील. खरी अडचण पुढे आहे. समजा, त्याने ते कृत्य केलेच आहे. त्याने स्वतः कबूल केले आहे, न्यायालयानेही शिक्षा दिली आहे. मग? मग भेटायला जाणे म्हणजे त्याच्या कृत्याला मान देणे होत नाही का?

हा आक्षेप हलका नाही. याचे उत्तर देताना मला एका आईची आठवण होते. अंगुलिमालाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. तथागतांनी एका क्रूर लुटारूचे परिवर्तन कसे केले, हे आपण मुलांना सांगतो. पण त्या कथेतील आई आपण विसरतो. अट्ठकथेत असे सांगितले आहे की, राजा आपल्या मुलाला पकडायला निघणार हे कळताच ती त्याला सावध करायला एकटी रानाकडे निघाली. ज्याच्या भयाने गावेच्या गावे ओस पडली, त्याच्याकडे ती निघाली. तिने त्याच्या हत्यांना मान दिला होता काय? मुळीच नाही. तो आपला मुलगा आहे, ही एक गोष्ट आणि त्याने जे केले ते, ही दुसरी गोष्ट, एवढे तिला कळत होते.

आणि तथागतांनी काय केले? त्यांनी अंगुलिमालाला संघात घेतले, पण गावाच्या दुःखावर पडदा टाकला नाही. भिक्षू झालेला अंगुलिमाल भिक्षेला गेला, तेव्हा त्याला दगड बसले, डोके फुटले, पात्र मोडले, चीवर फाटले. रक्ताने माखून तो परत आला, तेव्हा तथागतांनी त्याला सहन करायला सांगितले. तुझ्या केलेल्या कर्माचेच हे फळ आहे, हे त्याला समजावले. लोक दुष्ट आहेत, असे ते म्हणाले नाहीत. तू आता भिक्षू नाहीस, असेही म्हणाले नाहीत. ज्यांचे गेले त्यांचा राग खरा आहे आणि जो बदलतो आहे त्याला उभे राहायला जागा हवी, या दोन्ही गोष्टी तथागतांनी एकाच वेळी मान्य केल्या. आपल्याला एका वेळी एकच मान्य करायची सवय आहे. म्हणून आपली पंचाईत होते.

शील म्हणजे काय, याचाही येथे विचार करा. 'मी प्राणिहत्येपासून अलिप्त राहीन, मी न दिलेले घेणार नाही' ही प्रतिज्ञा प्रत्येक जण स्वतःसाठी घेतो. बाप मुलासाठी शील घेऊ शकत नाही, तसे मुलगा बापाचे शील मोडूही शकत नाही. मुलाने चोरी केली तर मुलाचे शील मोडले. बापाचे शील तेव्हा मोडते, जेव्हा तो त्या चोरीचा माल घरात ठेवतो, साक्षीदाराला दम देतो किंवा न्यायालयात खोटी साक्ष देतो. जाळीपलीकडच्या मुलाला "जेवतोस का रे?" असे विचारल्याने कोणते शील मोडते, ते मला कोणी दाखवून द्यावे.

काही जण येथे कर्माचा आधार घेतात. "ज्याचे कर्म तो भोगील, आपण मध्ये पडू नये." बंधूंनो, हे वाक्य नीट ऐका. आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवताना हेच वाक्य वापरले होते. पूर्वजन्मीचे पाप म्हणून दारिद्र्य, पूर्वजन्मीचे पाप म्हणून विटाळ! परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कर्माचा सिद्धान्त जगाच्या नैतिक व्यवस्थेच्या अर्थाने मांडला आणि गतजन्मीच्या कर्माची कल्पना बाजूला सारली. कर्माला फळ असते, म्हणूनच आपल्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी आपल्यावर येते. भेटायला जाणे हे कर्म आहे आणि न जाणे हेही कर्मच आहे. मुलाच्या कर्माचे फळ मुलगा भोगीलच. आपण पाठ फिरवली तर त्या पाठ फिरवण्याचे फळ कोणी भोगायचे?

ते फळ कसले असते, हेही सांगतो. तुरुंगात माणूस एकटा राहत नाही. बराकीत पुष्कळ माणसे असतात आणि त्यांत सराईतही असतात. ज्याला बाहेरून कोणी विचारत नाही, त्याला आतले कोणी तरी विचारते. तेल-साबणाला पैसे देते, वकिलाचे नाव सुचवते, सुटल्यावर कोठे जायचे तेही सांगते. घराने सोडलेली जागा रिकामी राहत नाही. एखादा पोरगा पहिल्या चुकीसाठी आत जातो आणि पक्का होऊन बाहेर येतो, त्यात त्या बंद झालेल्या दाराचाही वाटा असतो. शिक्षा झालेल्या कैद्याला पुढे रजेवर सोडायचे म्हटले, तरी त्याला ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक सहसा लागतोच. तो नसेल तर कायद्याने उघडलेले दारही त्याच्यासाठी बंदच राहते.

बुद्धकाळातील एका भेटीची कथा या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. अजातशत्रूने आपला पिता बिंबिसार याला कोठडीत टाकले आणि अन्न बंद केले. राणीला तेवढी भेटीची मुभा होती. ती कधी वस्त्रात, कधी केसांत लपवून अन्न नेई. तेही बंद झाले, तेव्हा अंगाला मध-तुपासारखे पदार्थ लावून गेली, अशी परंपरेतील कथा आहे. आजच्या तुरुंगात जेवण शासन देते. तेव्हा राणीसारखे काही लपवून नेण्याची गरज नाही, आणि नेऊही नये. नियम मोडून नेलेली तंबाखूची पुडी त्यालाच महागात पडते. पण राणी जे नेत होती ते केवळ अन्न नव्हते. 'तुम्ही अजून माणसांत आहात' एवढा निरोप ती नेत होती. तो निरोप आजही नेता येतो. झडतीत तो कोणी काढून घेत नाही.

आता मर्यादा सांगतो. त्या सांगितल्या नाहीत तर हा लेख अर्धवट राहील.

पहिली मर्यादा ही की, आधार माणसाला द्यावा, खोट्याला नाही. मुलगा मुलाखतीत सांगेल, "अमक्याला जाऊन समजाव, साक्ष फिरव म्हणावं." तेथे आईने 'नाही' म्हटले पाहिजे. हे 'नाही' फक्त तीच म्हणू शकते, कारण तिचे प्रेम त्याला ठाऊक आहे. सिगालाला उपदेश करताना तथागतांनी खऱ्या मित्राची जी लक्षणे सांगितली, त्यांत दोन गोष्टी आहेत: तो पापापासून आवरतो आणि तो संकटात सोडून जात नाही. आपण बहुधा यातली एकच निवडतो. आवरणारा सोडून जातो आणि न सोडणारा आवरत नाही. दोन्ही करील तो खरा आप्त.

दुसरी मर्यादा पीडितांची. ज्याला मार बसला, ज्याची वस्तू गेली किंवा ज्या घरातला माणूस गेला, ते घर पुष्कळदा आपल्याच गल्लीत असते. त्यांच्या बायका त्याच नळावर पाणी भरतात. आपण आपल्या मुलाच्या भेटीला जातो, तेव्हा त्या घराने आपल्याशी बोलणे सोडले तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांना टोमणे मारणे, त्यांच्यावर वस्तीचा दबाव आणणे, 'समाजाची बदनामी होते, फिर्याद मागे घ्या' असे सांगणे, हा अन्याय आहे. शक्य असेल तर त्यांच्या दारात जावे. त्यांनी दार लावून घेतले तर मुकाट परत यावे. आपले दुःख मोठे की त्यांचे, असा वाद घालू नये.

तिसरी मर्यादा घरातल्याच पीडितेची. नवऱ्याने जिला मारहाण केली आणि त्या गुन्ह्यासाठी जो आत आहे, त्याच्या भेटीला तिनेच जावे, असा आग्रह सासर-माहेरचे धरतात. "कसाही असला तरी नवरा आहे!" भगिनींनो, असे म्हणणारा धम्म सांगत नाही, मनूचा कित्ता गिरवतो. जिच्यावर अन्याय झाला तिने जायचे की नाही, हे तिने एकटीने ठरवायचे. तिने न जाणे हा कर्तव्यभंग नाही. त्याची आई जाईल, भाऊ जाईल. करुणा ही सक्तीने वसूल करायची गोष्ट नव्हे.

आता व्यवहाराचे बोलू. नुसत्या करुणेने मुलाखत होत नाही.

आपल्या सिन्नर तालुक्यातील आरोपीला न्यायालयीन कोठडी मिळाली, म्हणजे त्याची रवानगी बहुधा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात होते. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे. मोहदरी घाट उतरला की एसटी नाशिकरोडला पोचते. अंतर थोडे असले तरी दिवस पुरा जातो. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळते. ती एक दिवस तुरुंगाच्या दारात बसली की तेवढ्या विड्या कमी होतात. माळेगाव किंवा मुसळगावच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या भावाचा खाडा पडतो. म्हणून घरातल्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात. एकट्या आईवर हा भार टाकून बाकीच्यांनी कामाची सबब सांगू नये.

जाण्यापूर्वी मुलाखतीचे दिवस, वेळ आणि नावनोंदणीची पद्धत विचारून घ्यावी. आता संगणकावर ई-मुलाकातीचीही सोय आहे. शिकलेल्या मुलांनी ती वस्तीतील इतरांना करून द्यावी. स्वतःचे ओळखपत्र जवळ ठेवावे. घरचा डबा न्यायालयाच्या परवानगीशिवाय सहसा आत जात नाही, तेव्हा पहाटे उठून केलेल्या भाकरी परत आणण्याची पाळी येऊ देऊ नका. आतल्या कँटीनसाठी मर्यादित पैसे रीतसर पाठवता येतात. पैसे द्यायचे ते पावती मिळेल अशाच मार्गाने द्या. 'साहेबांना द्यायचे आहेत' म्हणून हात पसरणाऱ्याला देऊ नका. आणि पत्र लिहा. मुलाखतीत मध्ये जाळी किंवा काच असते, आजूबाजूला गलका असतो, वेळ पाहता पाहता संपतो. पत्र मात्र रात्री पुन्हा वाचता येते. ज्या घरात लिहिता येणारे पहिलेच माणूस एखादी शाळकरी मुलगी असेल, तिने आजीचे शब्द लिहून द्यावेत. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले त्यात हेही आले.

वकिलाचे म्हणाल, तर कर्ज काढण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग त्याचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांनाही त्या कायद्याने हा हक्क स्वतंत्रपणे दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, नाशिकला जिल्हा प्राधिकरण आहे. तेथे अर्ज करावा. ही भीक नव्हे. १९७६ साली संविधानात घातलेल्या ३९-अ या अनुच्छेदाचे हे पालन आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ प्रत्येक कच्च्या कैद्याच्या घरी माहीत असावे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप सांगितलेली नाही, अशा गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला जामिनावर सोडण्याची तरतूद त्यात आहे. ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही, अशा पहिल्या वेळच्या आरोपीला एक-तृतीयांश काळच पुरे होतो. त्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू असतील तर मात्र ही सवलत नाही, आणि न्यायालय कारणे नोंदवून कोठडी वाढवूही शकते. मुदत भरल्यावर न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकांवर टाकली आहे. तरीही दिवस आपणच मोजावेत आणि वकिलाला आठवण द्यावी. जामीन मिळूनही रक्कम भरता येत नसेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या योजनेतून, काही गुन्हे वगळून, कच्च्या कैद्याला ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळू शकते. शिक्षेतील दंड भरण्यासाठीही अशी मदत मिळू शकते. हे न कळल्यामुळे आईच्या कानातले विकले जाते.

आणखी एक गोष्ट. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. झाडलोट आणि मैला एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला, असे नियम स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनीही काही राज्यांच्या पुस्तकांत शिल्लक होते. आपल्या माणसाला आत जात विचारून काम दिले, तर ते सहन करू नये. वकिलामार्फत तक्रार करावी. शिक्षेत स्वातंत्र्य जाते, माणूसपण जात नाही.

मी शिक्षक आहे, तेव्हा मुलांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाप आत गेला की घरात सांगतात, "पप्पा मुंबईला कामाला गेलेत." मूल हे शाळेत सांगते. दुसऱ्या गल्लीतले मूल त्याला मधल्या सुटीत खरे काय ते सांगते, तेही शिवी घालून. त्या दिवशी मुलाचे दोन नुकसान होते. बापाची बातमी त्याला शत्रूकडून मिळते आणि आपली आई खोटे बोलते हे कळते. मुलाखतीच्या दिवशीच्या रजेच्या अर्जावर 'पोट दुखत होते' असे लिहिलेले असते. ते पोट कशाने दुखते हे वर्गात सर्वांना माहीत असते, तरी कोणी बोलत नाही. माझे मत असे की, मुलाला त्याच्या वयाला पेलेल एवढे खरे सांगावे. "पप्पांवर आरोप आहे. न्यायाधीश ठरवतील. तोवर त्यांना तिथे राहावं लागेल. तुझी काही चूक नाही." शेवटचे वाक्य अवश्य सांगावे. मुले ते विचारत नाहीत, पण रात्री अंथरुणात त्याचाच विचार करत असतात. शिक्षकानेही असा अर्ज आला तर चारचौघांत कारण विचारू नये.

शेवटी वस्तीचे कर्तव्य. ज्याच्या घरी मयत होते त्याच्याकडे आपण भाकरी-पिठले घेऊन जातो. ज्याच्या घरचा माणूस आत जातो त्याच्याकडे आपण पाहतसुद्धा नाही. घर दोघांचेही कोसळलेले असते. विहाराच्या वर्गणीतून अशा घराच्या एसटीभाड्याचा एक दिवस उचलला, कोणी तरी त्या माउलीबरोबर नाशिकरोडला गेले, अर्ज लिहून दिला, तर त्या विहाराला विटांपलीकडचा अर्थ येईल. आणि तो माणूस सुटून येईल त्या दिवशी काय करायचे, हे आजच ठरवा. त्याला हार घालू नका, कारण पलीकडच्या घराची जखम ताजी असते. पण कामाला बोलवा. पंगतीत बसवा. वंदनेला येऊन तो मागे उभा राहिला, तर पुढे सरकून त्याला जागा द्या.

ज्याने पित्याला कोठडीत मारले तो अजातशत्रूही एका रात्री तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला बसू दिले, त्याचे ऐकून घेतले आणि अपराध हा अपराध म्हणून ओळखणे ही वाढीची खूण असल्याचे सांगितले. त्याचे कृत्य त्यांनी पुसले नाही आणि त्याला दारातून परतही पाठवले नाही. आपल्या घरांत आणि विहारांत एवढे झाले, तरी पुरे.

तेव्हा माउली, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: जावे. खरे सोबत घेऊन जावे. त्याला सांगावे, "तू जे केलंस ते वाईट केलंस. तू सुटशील तेव्हा घर उघडं असेल." ही दोन्ही वाक्ये त्याला एकाच तोंडून ऐकायला मिळाली पाहिजेत. आणि लोकांचे म्हणशील, तर पुढच्या रविवारी तुझ्याबरोबर एसटीत त्यांच्यापैकी एक जण तरी बसावा, एवढ्यासाठीच हे लिहिले आहे.

जय भीम.